इसाबेलच्या जेएडिटमध्ये 'पुढची पायरी' बटण का सापडत नाही, आणि त्याशिवाय काम कसं करायचं

तुमचा प्रश्न मी असा समजलो. कॉक (२०२५ पासून त्याचं नाव रॉक) हा प्रूव्हर, म्हणजे गणिती सिद्धता संगणकाकडून तपासून घेण्याचं साधन. त्याच्या कॉकआयडीई या खिडकीत बरंच काम झालंय, बाणांची बटणं दाबत एकेक ओळ पुढे सरकायची सवय हाताला लागली आहे. आता नव्या कामासाठी इसाबेल हे तसंच दुसरं साधन घेतलंय, त्याची जेएडिट ही एडिटरची खिडकी उघडली आणि चार गोष्टी अडल्या. 'पुढची पायरी' असं बटणच नाही. काय सिद्ध करायचं राहिलंय ते कुठे दिसत नाही. फाइलचा खालचा भाग गुलाबीच राहतो. आणि सगळं पांढरं झालं तरी 'झालं का खरंच?' ही शंका जात नाही.

चारही अडचणींचं मूळ एकच आहे, म्हणून आधी तेवढं सांगतो. कॉकआयडीईत तुम्ही प्रूव्हरशी एकेक वाक्य बोलता: आज्ञा पाठवली, उत्तर आलं, तेवढा भाग हिरवा झाला, पुढची पाठवली. जेएडिटमध्ये तुम्ही एक दस्तऐवज लिहिता आणि प्रूव्हर तो सतत वाचत असतो. काय पुन्हा तपासायचं, कशाला हात लावायची गरज नाही, कोणत्या दोन सिद्धता एकाच वेळी वेगवेगळ्या कोअरवर चालवायच्या, हे सगळं तोच ठरवतो. त्यामुळे 'पुढे' आणि 'मागे' या गोष्टी इथे उरतच नाहीत. कर्सर हलवल्यानं काही 'चालवलं' जात नाही. कुठल्या ओळीबद्दलचं उत्तर पॅनेलमध्ये हवंय, एवढंच त्यातून कळतं. अनडू केलंत तर मजकूर मागे जातो, आणि सिद्धतेची अवस्था त्याच्या मागोमाग आपोआप जाते. वेगळं काही 'परत घ्यावं' लागत नाही.

हे मुद्दाम असं केलेलं आहे. इसाबेल १९८६ मध्ये केंब्रिजला लॅरी पॉलसन यांनी सुरू केलं, एचओएल या त्याच्या तर्कपद्धतीची बाजू म्युनिकला टोबियास निपकोव यांच्याकडे वाढली, आणि बरीच वर्षं लोक इमॅक्स या एडिटरमधल्या प्रूफ जनरल या जोडणीवर काम करत. त्यात तपासलेला भाग निळा होऊन कुलूपबंद व्हायचा; त्यात एक स्वल्पविराम बदलायचा तरी कुलूप मागे सरकवायचं आणि पुन्हा पुढे यायचं. मॅकेरियस वेन्झेल यांनी ही कुलुपाची पद्धतच मोडीत काढली. पीआयडीई नावाचा एक थर त्यांनी बांधला, ज्याचा एक पाय एमएल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणि दुसरा स्काला या भाषेत आहे. समोरची खिडकी म्हणून जेएडिट हा जावामधला जुना एडिटर घेतला. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या इसाबेल२०११-१ पासून ती अधिकृत झाली. पुढे प्रूफ जनरलचा आधारही काढून टाकला. जेएडिट दिसायला जुनाट आहे, त्याचे मेनू पाहून आजची मुलं नाक मुरडतात, आणि त्यांचं अगदीच चुकत नाही. पण आपण जेएडिट वापरतो ते त्याच्या पोटातल्या पीआयडीईसाठी.

आता तुमची दुसरी अडचण, कारण ती सर्वांत आधी सोडवायला हवी. काय सिद्ध करायचं राहिलंय ते दिसत नाही, याचं कारण फारच क्षुल्लक आहे. खालच्या आउटपुट पॅनेलमध्ये 'प्रूफ स्टेट' नावाचा एक छोटा चौकोन असतो आणि तो मुळात रिकामा असतो. त्यावर टिक करा. २०१६ च्या आवृत्तीपासून अवस्था दाखवायला वेगळं स्टेट पॅनेल आलं, म्हणून आउटपुटमधून ती डीफॉल्टनं काढली गेली. ज्यांनी जुन्या आवृत्तीवरची शिकवणी वाचलेली असते ते हमखास इथे गोंधळतात. दोन्ही पॅनेलं एकदम उघडी ठेवू नका, नजर विभागते. मी आउटपुट खाली रुंद ठेवतो, त्यात टिक करतो, आणि स्टेट पॅनेल बंद करून टाकतो. लांबच लांब समीकरणं असतील तर उलट करा: स्टेट उजवीकडे उंच उघडा आणि आउटपुट फक्त निरोपांसाठी ठेवा.

एक साधं उदाहरण हाताशी घेऊ, म्हणजे पुढचं सगळं त्यावरच दाखवता येईल. खाली नावं मी देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्ष थिअरी फाइलीत (इसाबेलचा मजकूर जिच्यात लिहितो ती फाइल) ती रोमन अक्षरांतच लागतात, नावांमध्ये देवनागरी इसाबेल चालवून घेत नाही. (कॉमेंटमध्ये मराठी खुशाल लिहा.) समजा, तुम्ही स्वतःच्या यादीवर दोन फलनं लिहिलीत. 'जोड' दोन याद्या एकापुढे एक लावतं. 'उलट' यादी उलटी करतं: रिकाम्या यादीची उलट रिकामी, आणि क # शेष (पहिला घटक क, त्यापुढे उरलेली यादी शेष) हिची उलट म्हणजे जोड (उलट शेष) [क]. सिद्ध करायचंय की उलट (उलट य) = य.

लेमा (सिद्ध करायचं विधान) लिहिलात, खाली 'अप्लाय (इंडक्शन य)' (यादीच्या रचनेवर विगमन) लिहिलंत, त्याखाली 'अप्लाय ऑटो' (उरलेलं आपोआप सोडवून पाहा). एंटर, रन, काही दाबायचं नाही. कर्सर पहिल्या 'अप्लाय'च्या शेवटी नेलात की आउटपुटमध्ये दोन उपउद्दिष्टं दिसतील, एक रिकाम्या यादीचं, एक क # शेषचं. कर्सर दुसऱ्या ओळीवर आणलात की एकच उरलेलं दिसेल:

उलट (उलट शेष) = शेष ⟹ उलट (जोड (उलट शेष) [क]) = क # शेष

बाण वरखाली करत या दोन ओळींत फिरून पाहा. काही पुन्हा चालत नाही. दोन्ही अवस्था आधीच काढून ठेवलेल्या आहेत, तुम्ही फक्त पाहताय. हे एकदा अंगवळणी पडलं की 'पुढची पायरी' बटणाची आठवण निघत नाही.

उरलेलं उद्दिष्ट नीट वाचा. 'उलट'च्या पोटात 'जोड' अडकलंय, आणि तिथून 'ऑटो'ला बाहेर पडता येत नाहीये. म्हणजे 'उलट' आणि 'जोड' यांचं नातं सांगणारा लेमा हवा. तो कुठे लिहायचा? वर. मुख्य लेमाच्या आधी जाऊन दोन रिकाम्या ओळी करा आणि घाईत समजा असं लिहिलंत:

उलट (जोड य र) = जोड (उलट य) (उलट र)

सिद्धतेची एक ओळही लिहायच्या आत डावीकडच्या पट्टीत एक निळसर खूण उमटेल, आणि आउटपुटमध्ये ऑटो क्विकचेक सांगेल की प्रतिउदाहरण सापडलं: य = [क₁], र = [क₂]. कागदावर करून बघा: डावी बाजू [क₂, क₁], उजवी [क₁, क₂]. क्रम बदलायचा राहिला होता. जोड (उलट र) (उलट य) असं दुरुस्त केलंत की खूण जाते. क्विकचेक हे पार्श्वभूमीला आपोआप चालतं, सेकंद-दोन सेकंदांत जे सापडेल ते सांगतं, नाही सापडलं तर गप्प राहतं. ते गप्प आहे म्हणून लेमा खरा, असं मात्र समजू नका. माझ्या मते जेएडिटमधली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच: खोट्या लेमावर अर्धा दिवस डोकं आपटायचं वाचतं. निटपिक नावाचा त्याचा भाऊ आणखी खोल शोधतो, पण तो आपोआप चालत नाही; लेमाच्या विधानाखाली त्याचं नाव लिहिलं की कामाला लागतो.

हा मधला लेमा घातल्यावर खालचा मुख्य लेमा क्षणभर गुलाबी, मग जांभळा, मग पांढरा झालेला दिसेल. वर काही बदललं म्हणून खालचं जे जे त्यावर उभं आहे ते प्रूव्हरनं पुन्हा वाचलं. मधल्या लेमालाही इंडक्शन लावलंत तर 'ऑटो' दोन ठिकाणी अडेल: एकदा जोडच्या शेवटी रिकामी यादी राहील, आणि एकदा तीन याद्या वेगवेगळ्या कंसांत दिसतील. म्हणजे आणखी दोन लेमा, जोड य [] = य आणि जोडची साहचर्यता, तेही याच्या वर. दोघांना 'सिम्प'चं (समीकरणं वापरून आपोआप सोपं करणाऱ्या पद्धतीचं) लेबल लावा, मधल्यालाही लावा, आणि सगळी साखळी खालपर्यंत पांढरी होते. कॉकआयडीईत यासाठी तीनदा मागे जाऊन तीनदा पुढे यावं लागलं असतं. इथे तुम्ही वर लिहीत गेलात, खालचं आपोआप सुटत गेलं. सिद्धता अशीच खालून वर सुचते, आणि एडिटरनं त्याच्या आड येऊ नये.

रंगांचं आता थोडं बारकाईनं बोलू, कारण सारी माहिती त्यांच्यातच आहे. पार्श्वभूमी गुलाबी असेल तर तो भाग अजून वाचलेला नाही. जांभळट असेल तर त्यावर काम चालू आहे. काहीच रंग नसेल तर वाचून झालंय. वाचून झालंय म्हणजे बरोबर आहे असं नव्हे. चूक असेल तर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आणि कडेला लाल खूण, इशारा असेल तर केशरी. उजव्या कडेला स्क्रोलबारशेजारी एक अरुंद पट्टी असते, तीत संपूर्ण फाइलचा हाच हिशोब एका नजरेत दिसतो. मोठ्या फाइलीत मी मजकुरापेक्षा त्या पट्टीकडे जास्त बघतो.

अक्षरांचे रंग मात्र कुणी समजावून सांगत नाही, आणि खरे घोटाळे तिथेच होतात. सूत्रातली आधीच व्याख्या असलेली नावं काळी दिसतात, मोकळी चलं (कुठलीही किंमत घेऊ शकणारी) निळी, बद्ध चलं ('प्रत्येक'सारख्या चिन्हानं बांधलेली) हिरवी, आणि सिद्धतेच्या आत 'फिक्स' केलेली तपकिरी-केशरी. आता समजा लेमात 'उलट'च्या जागी चुकून 'उल्ट' टाइप झालं. इसाबेल तक्रार करणार नाही. त्याला वाटेल, हे एक नवंच मोकळं फलन आहे, कुठलंही असू शकतं, आणि तो त्याचा प्रकारही स्वतः ताडून घेईल. लेमा व्याकरणदृष्ट्या बिनचूक, पण खोटा किंवा निरर्थक. 'ऑटो' अडतं, आणि माणूस पद्धत बदलून बदलून थकतो. खूण एकच: ते नाव काळं असायला हवं होतं, निळं आहे. सूत्र लिहून झालं की निळी अक्षरं मोजायची सवय लावा. शंका आली तर कंट्रोल (मॅकवर कमांड) दाबून त्या नावावर माउस न्या. ते स्थिरांक आहे की मोकळं चल, आणि त्याचा प्रकार काय, हे छोट्या चौकटीत दिसतं. कंट्रोल धरून क्लिक केलं तर थेट व्याख्येवर पोचता, मग ती लायब्ररीच्या पोटात असली तरी. प्रकारांच्या गोंधळात हे फार कामाला येतं: '१' हा नैसर्गिक की पूर्णांक, असले प्रश्न डोळ्यांनी सुटत नाहीत.

गुलाबी राहणाऱ्या खालच्या भागाचं उत्तर असं. पीआयडीई पडद्यावर जे दिसतंय ते आणि त्यासाठी लागणारं वरचं, एवढंच आधी वाचतं. तुम्ही खाली स्क्रोल केलंच नाहीत तर ते तिथपर्यंत कशाला जाईल? संपूर्ण फाइल तपासून हवी असेल तर थिअरीज पॅनेल उघडा, प्रत्येक थिअरीच्या नावाआधी एक चौकोन असतो, त्यावर टिक करा. त्याच पॅनेलमध्ये वर 'कंटिन्युअस चेकिंग' असतं. ते चुकून बंद झालं तर सगळंच गुलाबी राहतं. 'काहीच चालत नाहीये' असं कुणी म्हटलं की मी सर्वांत आधी तिथेच बघायला सांगतो. मुळावरची मोठी व्याख्या बदलताना मात्र मी ते स्वतःहून बंद करतो, बदल संपवतो आणि मग चालू करतो. नाहीतर प्रत्येक अक्षरागणिक पंखा घोंघावत राहतो.

जांभळा रंग एकाच ओळीवर चिकटून बसला तर बहुतेक 'सिम्प' गोल गोल फिरतंय. तुम्ही 'सिम्प'ला दिलेल्या दोन समीकरणांपैकी एक डावीकडून उजवीकडे नेत असेल आणि दुसरं तेच परत आणत असेल, की झालं. थांबवायला बटण शोधू नका. ती ओळ बदला किंवा खोडा. चालू असलेलं काम आपोआप रद्द होतं. आणि मग 'सिम्प'च्या यादीतून संशयित समीकरण 'डेल' (वगळा) लिहून काढून पाहा.

माहीत असलेला लेमा शोधायला क्वेरी पॅनेल आहे. त्यात नावाऐवजी आकार देता येतो, ही त्याची मजा. तयार लायब्ररीतल्या याद्यांसाठी रेव्ह (_ @ _) असा साचा टाका, 'रेव्ह_अपेंड' समोर येतं, म्हणजे वर आपण स्वतः खपून सिद्ध केलं तेच. नवखे लोक लायब्ररीत असलेलंच पुन्हा सिद्ध करत बसतात, यात त्यांचा दोष कमी आणि या पॅनेलच्या ओळखीचा अभाव जास्त.

स्लेजहॅमरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इसाबेलकडे येणारा निम्मा माणूस त्याच्यासाठीच येतो. स्वतंत्र पॅनेल आहे: कर्सर उद्दिष्टावर ठेवा आणि 'अप्लाय' दाबा. ते तुमचं उद्दिष्ट आणि लायब्ररीतले शेकडो संभाव्य लेमा ई, व्हॅम्पायर, सीव्हीसी५, झेड३ अशा बाहेरच्या प्रूव्हरांकडे पाठवतं. त्यांच्यातल्या कुणाला जमलं तर उत्तर म्हणून 'बाय मेटिस' (मेटिस ही इसाबेलच्या आतलीच सिद्धतेची पद्धत) आणि पुढे काही लेमांची नावं, अशी एक ओळ येते, शेजारी मिलिसेकंद. त्या ओळीवर क्लिक केलं की ती मजकुरात जाऊन बसते. बाहेरच्या प्रूव्हरच्या शब्दावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही. त्यानं फक्त कोणते लेमा लागतील ते सुचवलं; सिद्धता पुन्हा इसाबेलच्या गाभ्यातून जाते. रॉबिन मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एडिंबरोच्या एलसीएफ या जुन्या प्रूव्हरमध्ये घालून दिलेली ही रीत: प्रमेय या प्रकाराची वस्तू बनवण्याचा अधिकार एका छोट्या गाभ्यालाच. म्हणूनच जेएडिटमध्ये कितीही बग असले तरी त्यातून खोटं प्रमेय तयार होत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. स्लेजहॅमर इंडक्शन स्वतः सुचवेल या भरवशावर राहू नका, ते तुमचं काम. आणि 'मेटिस'पुढे पंधरा नावांची शेपटी आली तर ती तशीच ठेवू नका. त्याचा अर्थ मध्ये एक पायरी गाळली गेली आहे. ती 'हॅव्ह' म्हणून वेगळी लिहा, दोन्ही तुकडे तीन-तीन नावांत सुटतात. सहा महिन्यांनी लायब्ररीची नवी आवृत्ती आल्यावर लांब शेपट्या आधी तुटतात.

यावरून 'अप्लाय' की इसार, हा प्रश्न येतो. कॉकमधून आलेली माणसं सहसा 'अप्लाय'च्या ओळींवर ओळी रचतात, कारण ते टॅक्टिकसारखं, कॉकमधल्या एकेक आज्ञेसारखं वाटतं. शोधताना ते ठीक आहे, वर मीही तेच केलं. पण ठेवायची सिद्धता इसारमध्ये लिहा. इसार ही संरचित भाषाही वेन्झेल यांचीच, आणि हा एडिटर तिच्यासाठीच बांधल्यासारखा आहे. 'प्रूफ (इंडक्शन य)' एवढंच लिहून आउटपुट पाहा: खाली संपूर्ण सांगाडा तयार मिळतो, रिकाम्या यादीची केस, क # शेषची केस, प्रत्येकात 'शो' आणि 'सॉरी' ('ही सिद्धता सध्या राहू दे' असं सांगणारा शब्द), शेवटी 'क्यूईडी'. त्यावर क्लिक केलं की तो मजकुरात उतरतो. मग एकेक 'सॉरी' काढत जायचं, कुठल्याही क्रमानं. दुसरी केस आधी सोडवा, पहिली उद्या. मधल्या चुका शेजारच्या केसला बाधत नाहीत. 'अप्लाय'च्या माळेत तिसरी ओळ तुटली की खालच्या सगळ्या निरर्थक होतात, कारण त्या कशावर चालताहेत ते मजकुरात लिहिलेलंच नसतं. एसईएल४ या मायक्रोकर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या छोट्या गाभ्याची) सिद्धता २००९ मध्ये इसाबेलमध्ये पुरी झाली. सुमारे ८,७०० ओळींच्या सी प्रोग्रॅमसाठी २ लाखांच्या आसपास ओळींची सिद्धता. तेव्हा जेएडिट अधिकृत झालंही नव्हतं, म्हणजे या खिडकीशिवाय मोठी कामं होतच नाहीत असं नाही. पण एवढ्या मजकुरात एक व्याख्या हलली की काय काय कोसळलं हे लगेच दिसणं, हा फरक ज्यांनी दोन्ही काळ पाहिलेत त्यांना विचारा.

चिन्हांचं थोडक्यात. ==> टाइप केलं की ⟹ सुचवलं जातं, टॅबनं घ्या; उलटी तिरपी रेघ आणि चिन्हाचं नाव लिहिलं तरी चालतं; काहीच आठवत नसेल तर सिंबल्स पॅनेल आहे. फाइल डिस्कवर उतरते तेव्हा ही चिन्हं साध्या अक्षरांतल्या नावांनी उतरतात, त्यामुळे गिटमध्ये किंवा दुसऱ्या एडिटरमध्ये तीच फाइल ओळखू येणार नाही इतकी बोजड दिसते. घाबरू नका, फाइल खराब झालेली नाही. आणि थिअरीचं नाव व फाइलचं नाव एकच ठेवा, पहिल्या दिवशीच्या निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात.

वेग. तुम्ही मुळात एचओएलवर उभे असाल आणि फाइलीच्या डोक्यावर ॲनालिसिसची लायब्ररी आयात केलीत, तर जेएडिट ती सगळी लायब्ररी तुमच्यासमोर ओळ न ओळ वाचायला घेईल. लॅपटॉप तापेल, आणि तुम्हाला वाटेल इसाबेलच मंद आहे. लायब्ररी आधीच बांधून ठेवलेल्या प्रतिमेच्या रूपात उचलायची असते. थिअरीज पॅनेलमधल्या यादीतून सेशन (एकत्र बांधायच्या थिअरींचा गठ्ठा) निवडा आणि जेएडिट बंद करून पुन्हा उघडा, किंवा टर्मिनलवरून सुरू करतानाच लहान 'एल' हा पर्याय देऊन सेशनचं नाव सांगा. पहिल्या वेळी प्रतिमा बांधायला वेळ जातो, चहा पिऊन या. नंतर ती झटकन उघडते. स्वतःचं सेशन तयार झालं की मोठ्या 'आर'चा पर्याय जास्त सोयीचा: तुमच्या सेशनला जे जे बाहेरचं लागतं तेवढ्याची प्रतिमा तो बांधतो आणि तुमच्या फाइली तेवढ्या जिवंत ठेवतो. मेमरी आठ जीबी असेल तर शिकायला पुष्कळ, ॲनालिसिस वगैरे करायचं तर सोळा बरी.

आता शेवटची शंका, 'झालं का खरंच?' ही रास्त शंका आहे, कारण जेएडिट फार मनमोकळेपणानं पुढे जातं. एखाद्या लेमाची 'बाय'ची ओळ फसली तर तिच्याखाली लाल रेघ येते, पण लेमाचं विधान खाली वापरायला उपलब्ध राहतं. सिद्धता वेगळ्या फाट्यावर तपासली जात असते, विधान आधीच पुढे गेलेलं असतं. काम करताना ही सोय आहे: वरची एक सिद्धता अडली म्हणून खालच्या चाळीस थांबत नाहीत. पण त्यामुळे पडद्यावर दिसणारा भाग निर्मळ पांढरा आणि तीनशे ओळी वर एक लाल रेघ, असं सहज होऊ शकतं. 'सॉरी'चंही तेच. जेएडिट त्याला हरकत घेत नाही. उलट 'बॅड काँटेक्स्ट' असा निरोप एखाद्या लेमाच्या शब्दावर आला तर चूक त्या लेमात नसते. वरची सिद्धता बंद व्हायची राहिलेली असते, 'डन' किंवा 'क्यूईडी' फसलेलं असतं. वर पाहा.

म्हणून निकाल एडिटरमध्ये लावायचाच नाही. फोल्डरमध्ये 'रूट' नावाची फाइल करा, तीत सेशनचं नाव, ते कशावर उभं आहे ते, आणि थिअरींची नावं. 'इसाबेल एमकेरूट' ही आज्ञा तिचा कच्चा आराखडा करून देते. मग टर्मिनलवर 'इसाबेल बिल्ड'ला मोठ्या 'डी'चा पर्याय आणि फोल्डरचं नाव द्या. हे सगळं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतं, काय पडद्यावर आहे याची पर्वा करत नाही, एकही चूक राहिली तर अडतं. 'सॉरी' दिसलं की सरळ नकार देतं आणि फसवणूक करायची तर 'क्विक अँड डर्टी' हा पर्याय चालू करा, असं सुनावतं. आर्काइव्ह ऑफ फॉर्मल प्रूफ्स या इसाबेलमधल्या सिद्धतांच्या संग्रहात २००४ पासून जे जमा होत आलंय तेही याच वाटेनं तपासलं जातं.

दुसऱ्या कुणाचं सेशन हातात आलं असेल आणि त्यानं 'क्विक अँड डर्टी' पर्याय चालू ठेवलाय का हे ठाऊक नसेल, तर शेवटच्या प्रमेयाखाली 'थ्म_ऑरॅकल्स' आणि प्रमेयाचं नाव लिहा. त्या प्रमेयाच्या मुळाशी कुठेही 'सॉरी' दडलेलं असेल तर आउटपुटमध्ये 'स्किप_प्रूफ' हा शब्द येतो. यादी रिकामी आली तर सिद्धता गाभ्यातून पूर्ण गेलेली आहे.